ट्रेलरची स्टेपनी: पिथमपूरहून न्हावाशेव्याला गाडी सोडण्याआधी

आमच्या यार्डात नवीन सुपरवायझर आला की पहिल्याच दिवशी मी त्याला ट्रेलरखाली वाकायला लावतो. मोबाइलचा उजेड पाड आणि स्टेपनीवर काय छापलंय ते मोठ्यानं वाच, असं सांगतो. ट्रान्सपोर्टच्या कामात शिरणाऱ्या तुम्हा मुलांनाही सुरुवात इथूनच करायला सांगेन.

डिप्लोमा झाल्यावर मी इंदूरला देवास नाक्याजवळच्या एका ट्रान्सपोर्टमध्ये लागलो. सुदामानगरातलं आमचं घर नोकरदारांचं, ट्रकच्या धंद्यातलं कुणालाच काही ठाऊक नव्हतं. गाडी निघण्याआधी एक छापील कागद भरायचा असे, त्यात ‘स्टेपनी’ असा चौकोन होता. मी वाकून पाहिलं, चाक दिसलं, खूण केली. गाडी लो-बेड होती, म्हणजे अवजड यंत्रं वाहणारा, जमिनीला लागून चालणारा बुटका ट्रेलर. वर पिथमपूरच्या कारखान्यातलं अठरा टनांचं प्रेस मशीन होतं आणि माल न्हावाशेवा बंदरात पोचवायचा होता.

मे महिना, दुपारचे तीन. इंदूर-धुळे रस्त्यावरच्या ठीकरीच्या पुढून ड्रायव्हरचा फोन आला, ट्रेलरच्या मधल्या एक्सलचा आतला टायर गेला होता. मी म्हटलं, स्टेपनी लावा. पलीकडून उत्तर आलं, “भैया, ये तो आगे वाली गाड़ी की है. ट्रेलर में बैठेगी ही नहीं.”

ओढणाऱ्या गाडीला, म्हणजे हॉर्सला, २९५/९० आर २० टायर होते आणि लो-बेडला ८.२५ आर १५ (शेवटचा आकडा रिमचा, इंचांत). एक कमरेच्या वर येणारं चाक, दुसरं त्यापुढे बुटकं. हायवेवरच्या पंक्चरवाल्याकडे वीस इंची टायर जुनापाना तरी मिळून जातो, पंधरा इंची मिळत नाही. मी इंदूरच्या लोहामंडीत दुकानं पालथी घातली, चौथ्या दुकानात मिळाला. तो पिकअपमध्ये टाकून पोचेपर्यंत रात्रीचे नऊ वाजले. सहा तास ती दोन माणसं उन्हात, मग अंधारात, भरधाव ट्रकांच्या शेजारी बसून होती. मला पाहून ड्रायव्हर एक शब्द बोलला नाही, नुसता जॅक लावायला उठला.

म्हणून पहिलं सांगणं हे की ट्रेलर म्हणजे दोन गाड्या असतात. दोन्हीचे टायर एकाच मापाचे असतील तर स्टेपनी दोघांत चालते, तेसुद्धा रिमची भोकं आणि बसण्याची पद्धत जुळत असेल तरच. मापं वेगळी असतील तर दोघांची वेगळी स्टेपनी हवी. मालक म्हणेल, शंभर किलोचं चाक उगाच कशाला वाहायचं. त्याला गाडी सहा तास उभी राहिली तर काय पडतं याचा हिशोब मांडून दाखवा. हल्ली नव्या कारमध्ये स्टेपनी नसते, ते पाहून काही मुलं विचारतात की आपल्याला तरी कशाला. २०२० मध्ये नियमात जी सूट आली ती साडेतीन टनांपर्यंतच्या गाड्यांना आहे, आणि तीही ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा व दुरुस्तीचं किट असेल तर. आपल्या कामाशी तिचा संबंध नाही.

दुसरी गोष्ट हवेची. स्टेपनी महिनोन् महिने खाली लटकते, चिखल खाते, तिच्याकडे कुणी पाहत नाही. लागते तेव्हा ती साठ-सत्तर पीएसआयवर (हवेच्या दाबाचं माप) आलेली असते. वीस इंची रेडियलला (आत पोलादी तारा असलेल्या टायरला) साधारण १२० लागतात, पूर्ण भारासाठीचा आकडा टायरच्या बाजूवरच असतो. सकाळी टायर गार असताना दोन तोंडांच्या लांब गेजनं मोजा. स्टेपनी सगळ्यात जास्त दाब लागणाऱ्या जागेच्या हिशोबानं भरून ठेवावी, रस्त्यात हवा कमी करणं सोपं, भरणं कठीण. वयही पाहा. बाजूवरच्या कोडचे शेवटचे चार आकडे वाचायचे: २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कायद्यानं किमान १.६ मिलीमीटर हवी, पण जुनाट, रबर चिरलेल्या टायरला नक्षी असूनही मी स्टेपनी म्हणत नाही. आणि एकाच एक्सलवर नायलॉन (आत तारांऐवजी नायलॉनचे धागे असलेला टायर) आणि रेडियल मिसळू नका.

ट्रेलरचा टायर गेलेला ड्रायव्हरला कळत नाही, हे नवीन माणसाला पटत नाही. जोडचाकांतलं एक बसलं की सगळं वजन शेजारच्यावर येतं. ते जास्त दबतं, तापतं आणि काही किलोमीटरांत तेही जातं. केबिनमध्ये धक्का पोचतच नाही. निमाडच्या उन्हाळ्यात डांबर आधीच भाजत असतं, आणि घाटात सतत ब्रेक लागले की ड्रमची उष्णता रिमवाटे ट्यूबपर्यंत जाते. बिजासन घाट उतरल्यावर, कसारा उतरल्यावर गाडी थांबवायची म्हणजे थांबवायची. आमचा एक जुना खलासी टॉमी, म्हणजे पाना फिरवायचा लोखंडी दांडा, घेऊन निघायचा आणि प्रत्येक टायरवर एकेक ठोका द्यायचा. भरलेला टायर टणकन टॉमी परत फेकतो, बसलेला ‘भद्’ करतो. बाहेरच्या चाकांना हे जमतं, आतल्यांसाठी तो तळहाताची मागची बाजू टायरजवळ न्यायचा, शेजाऱ्यापेक्षा जास्त धग लागली की तिथे गेज लावायचा. तापलेल्या टायरचा दाब वाढलेला दिसतो, म्हणून हवा सोडू मात्र नये.

चाक बदलताना नट आधी सैल करा, मग जॅक. मे महिन्यात मऊ झालेल्या डांबरात जॅक रुततो, खाली जाड लाकडी फळी हवी. जुन्या गाड्यांत डाव्या बाजूच्या नटांचे आटे उलटे असतात, हे माहीत नसलेला माणूस पानाच मोडून ठेवतो. नवीन चाकावर पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर नट पुन्हा आवळा. मागे परावर्तक त्रिकोण ठेवा, रस्त्यावर दगड मांडू नका. ते दगड तिथेच राहतात आणि रात्री कुणाची तरी मोटारसायकल त्यांवर जाते.

एका बाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. ट्यूबवाल्या चाकाच्या रिमला लॉक रिंग असते, टायर जागेवर धरून ठेवणारी लोखंडी कडी. हवा भरताना ती नीट बसलेली नसेल तर सुटते आणि समोरच्याचा जीव घेते. लोखंडी पिंजरा असलेल्या दुकानातच भरून घ्या. तो नसेल तर रिंगची बाजू जमिनीकडे करून, साखळी गुंडाळून, लांब पाइपनं, बाजूला उभं राहून. तसंच हवा उतरलेल्या अवस्थेत चाललेला टायर उघडून आत पाहिल्याशिवाय पुन्हा भरू देऊ नका. बाजूच्या तारा आतून तुटलेल्या असतात, बाहेरून काही दिसत नाही, आणि भरतानाच तो फाटतो.

स्टेपनी बांधायची कशी यावर फारसं सांगण्यासारखं नाही. चाक ठेवायचा लोखंडी पाळणा, बोल्ट, वर साखळी आणि कुलूप. साखळी दर फेरीला हातानं ओढून पाहावी, कारण ऐंशीच्या वेगानं मागच्या माणसासमोर शंभर किलोचं चाक पडणं ही आपली जबाबदारी. टायरचा नंबर वहीत लिहून ठेवा, पार्किंगमध्ये स्टेपन्या बदलल्या जातात.

स्टेपनी वापरली की ड्रायव्हरचा फोन येतो, “भैया, काम हो गया.” तेव्हा फोन ठेवू नका. गाडी सेंधव्याला आहे की धुळ्याला, तिथे दुरुस्ती होते का, हे विचारा. होत नसेल तर पुढच्या शहरातलं त्या मापाचं दुकान शोधून ड्रायव्हरला पत्ता पाठवा. न्हावाशेव्यापर्यंत आणि तिथून परत इंदूरपर्यंत गाडीखाली आता काहीच लटकत नाहीये.