को-हाउसिंग करताय? घर ते कॉमन हाउस या अंतरातल्या या चुका टाळा

मित्र-नातेवाईक मिळून जमीन घ्यायची, प्रत्येकाचं छोटं घर आणि जेवायला-बसायला एक मोठं कॉमन हाउस, असं ठरवणाऱ्यांनी प्लॅन हातात आला की आधी आपल्या घराचे स्क्वेअर फूट नका बघू, दारातून कॉमन हाउसपर्यंत कसं जायचं ते बघा.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे व्ह्यू चांगला म्हणून कॉमन हाउस मागच्या कोपऱ्यात टाकणं. तिथे मुद्दाम जावं लागतं, आणि दमून आलेला माणूस मुद्दाम कुठेच जात नाही. ही कल्पना जिथून आली त्या डेन्मार्कमध्ये, बिर्केरॉडला ट्रुडेसलुंड म्हणून वसाहत आहे, १९८१ची, ३३ घरं. गाड्या कडेला लावायच्या, पुढे पायी जायच्या दोन गल्ल्या, आणि त्या मिळतात तिथे कॉमन हाउस. म्हणजे घरी जाता-येता ते वाटेवरच लागतं, आत कोण बसलंय दिसतं, मग पाय आपोआप वळतात. म्हणूनच गाडी प्रत्येकाच्या दाराशी आणायचा हट्ट सोडा, दाराशी गाडी आली की माणूस गाडीतून थेट घरात. ॲम्ब्युलन्स आणि गॅसच्या गाडीपुरता रस्ता मात्र ठेवाच.

दुसरी चूक, अंतर कागदावर मोजणं. धडधाकट माणूस मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, पण गुडघे दुखणाऱ्या आजी, हातात आमटीचं गरम पातेलं, वर पाऊस आणि शेवाळलेली फरशी, मग तेच ८० मीटर फार होतात. त्यामुळे प्लॉटवर फक्की मारून वाट आखा आणि रात्री, भरलेलं पातेलं घेऊन, एका ज्येष्ठ माणसाला सोबत घेऊन खरंच चालून बघा, चढ कुठे, पायऱ्या कुठे, अंधार कुठे ते तेव्हाच कळतं. डेन्मार्कमधल्याच युस्ट्रुपच्या वसाहतीत तर २१ घरांच्या गल्लीवर काचेचं छत घातलंय, १९८४ साली, तिकडच्या थंडीसाठी. आपल्याकडे मुळशी किंवा कोकणात बांधत असाल तर निदान पत्र्याची शेड तरी हवीच.

आणि कॉमन हाउस घरांना अगदी चिकटूनही नको हं, किचनचा एक्झॉस्ट कुणाच्या बेडरूमकडे आला की त्या घराचे हाल होतात. सगळ्यांची मिळून असलेली वॉशिंग मशीन एकीकडे, लायब्ररी भलतीकडे असंही करू नका, सगळं एकत्र असलं तरच गाठीभेटी होतात.

बांधून झालंय आणि कॉमन हाउस ओस पडलंय? तरी बरंच करता येतं. पोस्टाच्या पेट्या, कुरिअर, पेपर, कपडे धुवायची मशिनं तिथे हलवा आणि संध्याकाळचा चहा ठराविक वेळी तिथेच ठेवा. वाटेवर दिवे लावा, अर्ध्यात एक बाक टाका, पायऱ्यांना रेलिंग. एवढं करूनही एखाद्या घराला लांबच पडत असेल तर आठवड्यातून एक जेवण त्यांच्या अंगणात करा, पातेली आपण उचलून न्यायची.