पाच घरांचा लसूण आणि एक खड्डा

इंदुरात बसून लहान शेतकऱ्याला हातभार लावायचाय? मग जवळच्याच सांवेरकडचा दोन-तीन बिघ्यांचा एखादा तरुण शेतकरी गाठा आणि लागवडीआधीच सांगा: आम्ही रामबागेतली पाच घरं, वर्षाचा लसूण तुझ्याकडूनच. माळव्यात लसूण ऑक्टोबर-नोव्हेंबरात लागतो, फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतो. बियाणं महाग असतं, म्हणून निम्मे पैसे आगाऊ द्या. भाव तेव्हाच ठरवा. नंतर मंडीत पडला तरी आपण मागे हटायचं नाही (चढला तर त्यानंही नाही, हे त्याला हसत हसत सांगून ठेवा).

घरातल्याच पोराला शेतीची ओढ असेल तर ट्रॅक्टरच्या गप्पा राहू द्या, खतापासून सुरुवात करा. ब्रिटिश शेतीशास्त्रज्ञ अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ नंतर इथेच, इंदुरात बसवलेली पद्धत: दोन फूट खोल खड्डा, त्यात काडीकचरा, शेण, गोठ्यातली मुतानं भिजलेली माती आणि थोडी राख, थरावर थर. ओल पिळलेल्या फडक्याइतकी. पाणी साचलं की कुजण्याऐवजी सडतं. पंधरवड्यानं, महिन्यानं आणि दोन महिन्यांनी उलथापालथ. तीन महिन्यांत खत तयार. आणि या कामाची पोराला रोजची मजुरी द्या. ‘शिकतोयस ना’ म्हणत फुकट राबवलेला पोरगा दुसऱ्या हंगामाला नोकरीच शोधतो.