सेवा सुरू करण्याआधी मेलर बंद करा: ई-बिझनेस सूटची प्रत टेस्टवर नेण्याची तयारी

ओरॅकल ई-बिझनेस सूट १२.२ या व्यवसाय-व्यवस्थापन प्रणालीची प्रॉडक्शनवरून (रोजच्या खऱ्या कामाच्या सर्व्हरवरून) टेस्ट सर्व्हरवर प्रत उभी करण्याचे काम मी अनेकदा केले आहे आणि एका खेपेस ते वाईट रीतीने चुकवले आहे. त्या वेळी लॉगिन, फॉर्म, रिपोर्ट असे सर्व काही व्यवस्थित चालत होते. वर्कफ्लो मेलर, म्हणजे मंजुरीच्या सूचना मेलने पाठवणारा आणि त्यांची उत्तरे वाचणारा घटक, मात्र बंद न करताच मी सेवा सुरू केल्या होत्या. ही यादी त्या चुकीनंतर लिहिली असल्यामुळे तिच्यात मेलर पुन्हा पुन्हा येईल, आणि तो यावाच अशी माझी इच्छा आहे.

डिस्कवरील जागा, ऑपरेटिंग सिस्टिमची आवृत्ती आणि लागणारी पॅकेजेस ही पाहून ठेवावीत. त्याविषयी अधिक लिहीत नाही. पोर्ट मात्र आधी ठरवावेत. पोर्ट पूल, म्हणजे मूळ पोर्टांत मिळवायचा आकडा, १० निवडला तर डेटाबेसचा पोर्ट १५२१ ऐवजी १५३१ आणि वेबचा ८००० ऐवजी ८०१० होतो. हे आकडे नक्की करून फायरवॉलची मागणी पहिल्याच दिवशी द्यावी, कारण ती मंजूर होईपर्यंत पुढचे काम खोळंबते. त्याच मागणीत टेस्ट सर्व्हरवरून बाहेर जाणारा मेलचा पोर्ट २५ बंद ठेवण्यास सांगावे. ही केवळ जादा कडी आहे. ती लावली म्हणून मेलरकडे दुर्लक्ष करू नये.

प्रॉडक्शनवर पॅचिंगचे चक्र अर्धवट असेल तर प्रत घेऊ नये. ते पूर्ण करून क्लीनअप झाल्यावरच डेटाबेस आणि ॲप्लिकेशन या दोन्ही स्तरांवर प्रीक्लोन स्क्रिप्ट, म्हणजे प्रतीसाठी साचा तयार करणारी स्क्रिप्ट, चालवावी. मागच्या महिन्यात चालवली होती, हे उत्तर पुरेसे नाही. त्यानंतर पॅच लागला असेल तर जुन्या साच्यावरून उभी राहिलेली प्रत कॉन्फिगरेशनच्या टप्प्यावर अशा ठिकाणी अडकते की कारण शोधण्यातच रात्र जाते. ॲप्लिकेशनच्या दोन फाइल सिस्टिमपैकी फक्त रन, म्हणजे सध्या वापरात असलेली, उचलावी. ती एफएस१ आहे की एफएस२ हे स्मरणावर सोडू नये, कारण प्रत्येक कटओव्हरनंतर, म्हणजे पॅचिंगच्या शेवटी होणाऱ्या अदलाबदलीनंतर, ती बदलते. एन्व्हायर्न्मेंट लोड करून पाहावे.

टेस्टवर डेटाबेस आरमॅनने (ओरॅकलच्या बॅकअप साधनाने) पुनर्स्थापित केल्यावर आर्काइव्ह लॉगची गरज नसेल तर तो मोड बंद करावा, अन्यथा काही दिवसांत डिस्क भरते. त्यानंतर नोड्सच्या टेबलात आलेली प्रॉडक्शनच्या सर्व्हरांची नावे सेटअप क्लीन प्रोसीजरने पुसावीत आणि मग डेटाबेस स्तरावर ऑटोकॉन्फिग, म्हणजे कॉन्फिगरेशन नव्याने लिहिणारे साधन, चालवावे. हे पुसणे राहिले तर कॉन्करंट मॅनेजर (पार्श्वभूमीतील जॉब चालवणाऱ्या प्रक्रिया) टेस्टवर नसलेल्या सर्व्हरांच्या नावांत अडकतात. ॲप्लिकेशन स्तराचे कॉन्फिगरेशनही करून घ्यावे, परंतु ते संपल्यावर स्क्रिप्ट सेवा सुरू करण्याविषयी विचारते तेव्हा नकार द्यावा. येथे थांबायचे आहे.

थांबण्याचे कारण असे की मेलर वेगळा सुरू करावा लागतो हा समज चुकीचा आहे. मेलर ज्या कंटेनरमध्ये चालतो तो कॉन्करंट मॅनेजरसोबत उभा राहतो, आणि मेलरचा स्टार्टअप मोड ऑटोमॅटिक असेल तर कंटेनर उठताच मेलरही उठतो. प्रॉडक्शनवर तो मोड ऑटोमॅटिकच असतो आणि मेलरची सगळी मांडणी डेटाबेसातच असल्यामुळे ती जशीच्या तशी टेस्टवर येते. मी मेलर सुरू केला नव्हता; मी फक्त सेवा सुरू केल्या होत्या, आणि तेवढे पुरेसे ठरले.

म्हणून सेवा सुरू करण्याआधी, केवळ डेटाबेस चालू असताना, पुढील गोष्टी याच क्रमाने कराव्यात. सेवा-घटकांच्या टेबलात मेलरचा स्टार्टअप मोड मॅन्युअल करावा. नोटिफिकेशनच्या टेबलात ज्यांची मेल-स्थिती अजून पाठवायच्या मेलची आहे त्या सर्व नोंदी पाठवल्याच्या स्थितीत बदलाव्यात. एवढ्यावर समाधान मानू नये, कारण तयार झालेले मेल आउट क्यूमध्ये, म्हणजे बाहेर जाणाऱ्या मेलच्या रांगेत, आधीच जाऊन बसलेले असतात आणि टेबल बदलल्याने क्यू रिकामी होत नाही. ती पुन्हा बांधणारी एसक्यूएल स्क्रिप्ट ओरॅकलसोबत येते, ती टेबल बदलल्यानंतर चालवावी, आधी नव्हे. मी महिनाअखेरच्या दुपारचा बॅकअप वापरला होता आणि क्यू भरलेली होती. खरेदीच्या मंजुरीचे तेच मेल खऱ्या अधिकाऱ्यांना दुसऱ्यांदा गेले.

तरीही गेलेला मेल हे नुकसानाचे लहान अर्ध होते. मेलर मेल पाठवतो तसा येणारी उत्तरेही वाचतो, आणि टेस्टच्या मेलरकडे प्रॉडक्शनच्याच मेलबॉक्सचे खाते आणि पासवर्ड होते. मेलरचे नोडनेम, म्हणजे कोणते उत्तर आपले हे तो ज्या नावावरून ओळखतो ते नाव, हेही तेच होते आणि नोटिफिकेशनचे क्रमांकही तेच. एखाद्या अधिकाऱ्याने प्रॉडक्शनच्या मेलला ‘मंजूर’ असे उत्तर दिले की ते उत्तर कधी प्रॉडक्शनचा मेलर उचलत असे, तर कधी टेस्टचा. टेस्टने उचललेल्या उत्तरावर मंजुरी टेस्टमध्ये नोंदली गेली, मेल प्रक्रिया झालेल्यांच्या फोल्डरमध्ये गेला आणि प्रॉडक्शनमधील खरेदी तशीच अडून राहिली. कोठेही एरर नव्हती. मंजुरी दिली आहे असे अधिकारी सांगत होते, आलेलीच नाही असे प्रणाली दाखवत होती, आणि दोन्ही खरे होते. यासाठी येणाऱ्या मेलच्या थ्रेडची संख्या शून्य करावी, मेलबॉक्सचे खाते बदलावे आणि नोडनेम वेगळे द्यावे. तिन्ही करावे, एकावर भागवू नये.

पुढे टेस्टवर मेल हवेच असतील तर ओव्हरराइड पत्ता, म्हणजे सर्व मेल जेथे वळवायचे तो एकच पत्ता, द्यावा लागतो. स्क्रीनवरून तो देताना पडताळणीचा कोड त्याच पत्त्यावर मेलने येतो, म्हणजे त्यासाठी मेलर चालू असावा लागतो. ओव्हरराइड देऊन मग क्यू साफ करू असे म्हणणाऱ्याचे मेल त्या मधल्या वेळेतच निघून जातात. आधी क्यू, मग मेलर, मग ओव्हरराइड.

सेवा अजून सुरू करू नयेत. प्रलंबित कॉन्करंट रिक्वेस्ट होल्डवर टाकाव्यात, कारण प्रॉडक्शनचे संपूर्ण वेळापत्रक टेस्टवर आलेले असते आणि त्यात बँकेसाठी पेमेंटच्या फायली तयार करणारे जॉबही असतात. प्रॉडक्शनकडे बोट दाखवणाऱ्या डेटाबेस लिंक काढून टाकाव्यात किंवा बदलाव्यात. दोन्ही सर्व्हरांवर एकच सामायिक डिरेक्टरी माउंट केलेली नाही याची खात्री करावी; असेल तर टेस्टमध्ये तयार झालेली फाइल थेट प्रॉडक्शनच्या वाटेला लागते. कस्टम शेल स्क्रिप्टमध्ये प्रॉडक्शनचे होस्टनेम शोधावे. ते सापडतेच.

पासवर्ड सर्व बदलावेत. ॲप्स या डेटाबेसच्या मुख्य युजरचा बदलल्यावर वेबलॉजिक या ॲप्लिकेशन सर्व्हरच्या डेटा सोर्समध्येही तो द्यावा, नाहीतर लॉगिन पान उघडणार नाही. वेतन आणि बँक खात्यांची माहिती मास्क करावी. साइट नेम आणि रंग बदलावा, म्हणजे कोणी टेस्टला प्रॉडक्शन समजून नोंद करणार नाही. कॉन्करंट मॅनेजरच्या प्रोसेस कमी कराव्यात. प्रमाणपत्रे, प्रिंटर वगैरे नंतर पाहता येतात.

आता सेवा सुरू कराव्यात आणि कोणालाही लॉगिन देण्याआधी पहिला स्क्रीन मेलरच्या स्थितीचा उघडावा. तो बंद दिसला पाहिजे. पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे, आणि प्रॉडक्शनच्या मेलबॉक्समधील न वाचलेली उत्तरे प्रॉडक्शनचाच मेलर उचलत आहे हे तेथे जाऊन तपासावे.