खुंटावरची अळंबी: टोपी नको, पोट बघा

३ जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं आणि आमच्या आगरातल्या माड-पोफळींबरोबर जुने आंबे नि एक फणसही आडवे झाले. ओंडके गेले, खुंट राहिले. तेव्हापासून आषाढ लागला की त्यांच्यावर काहीबाही उगवतं आणि शेजारपाजारची मुलं फोटो घेऊन येतात, “काकू, ही कुठली?” फोटो नेहमी वरून काढलेला असतो. वरचा रंग पावसाने बदलतो, उन्हाने उडतो, त्यावर शेवाळही चढतं. म्हणून मी आधी दोनच गोष्टी विचारते: झाड कुठलं होतं, आणि खालून कशी दिसते?

खालची बाजू बघायला अळंबी उपटायची गरज नाही. पावडरच्या डबीतला छोटा आरसा तिच्याखाली धरायचा आणि त्या आरशावर टॉर्च मारायचा. खाली एक तर कल्ले असतात, म्हणजे पातळ उभ्या पट्ट्या. नाहीतर बारीक छिद्रं असतात. नाहीतर काहीच नसतं, सपाट. इथूनच वाटा फुटतात.

आंब्याच्या खुंटावर सगळ्यात आधी हजेरी लावते ती शायझोफायलम. एक ते चार सेंटिमीटरचे पंखे, वरून पांढुरके-राखाडी आणि लवदार, देठ जवळजवळ नाहीच. खाली गुलाबीसर राखाडी कल्ले. साधं दहापट भिंग लावलं की दिसतं, प्रत्येक कल्ला लांबीत मधोमध चिरलेला आहे. ही चीर तिची पक्की खूण. कोरड्या हवेत चिरलेल्या कडा बाहेर वळून कल्ले झाकतात, पाणी मिळालं की पुन्हा उघडतात. मे महिन्यात वाळून कुरकुरीत झालेला एक पंखा वाटीभर पाण्यात टाकून ठेवा. मुलांना दाखवायला याहून सोपा प्रयोग माझ्याकडे नाही.

छिद्रंवाल्यांची गर्दी जास्त. पातळ, चिवट, वर तपकिरी-राखाडी पट्ट्यांची वर्तुळं आणि खाली पांढरी बारीक छिद्रं, अशी असेल तर बहुधा ट्रॅमेटिसच्या गोतावळ्यातली. वरखाली दोन्हीकडे भडक शेंदरी असेल तर पिक्नोपोरस, आणि ती उन्हात पडलेल्या लाकडावरही खुशाल वाढते. जुन्या फणसावर लाकडाइतकी कडक, खालून तपकिरी, वर्षानुवर्षं टिकणारी खुरं दिसतात, तो फेलिनस. त्यालाच फणसोंबा म्हणतात आणि उगाळून हिरड्यांना लावायची जुनी पद्धत आहे. मी काही लावत नाही, पण झाडाचं नाव आधी का विचारते ते यावरून कळेल.

कल्ले नाहीत, छिद्रंही नाहीत, अशांचं काम लवकर उरकतं. मऊ, रबरासारखी लवचीक, कानाच्या पाळीसारखी दिसणारी तपकिरी असली तर ऑरिक्युलेरिया. टणक काळे गोळे असले तर एक कोयत्याने कापा; आत गडद-फिकट वर्तुळांचे थर निघाले की डाल्डिनिया. काळी बोटं मातीतून वर आल्यासारखी वाटली आणि मोडल्यावर आत पांढरी निघाली तर झायलेरिया, मुळात ती गाडलेल्या लाकडातूनच आलेली असते.

कल्लेवाल्या मऊ अळंब्या मात्र अवघड. त्यांच्यासाठी बीजाणूंचा, म्हणजे अळंबीच्या बियांसारख्या बारीक पुडीचा, ठसा घ्यायचा. टोपी देठापासून कापायची, कल्ले खाली करून अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर ठेवायची आणि वर वाटी पालथी घालून रात्रभर विसरायची. काळ्या कागदासाठी जुन्या फोटो अल्बमचं पान छान. धिंगरीचा, म्हणजे ऑयस्टर मशरूमचा, ठसा पांढरा किंवा किंचित जांभळट पडतो, आणि तिचे कल्ले देठावरून खाली उतरत गेलेले असतात. ठसा गंजाच्या रंगाचा पडला तर ती धिंगरी नव्हे, वरून कितीही तशी दिसो.

आता खायचं. खुंटावरची अळंबी केवळ फोटोवरून, किंवा हे वाचून, कुणीही खाऊ नये. लसूण काळी पडली नाही, चांदीचं नाणं पांढरं राहिलं, गोगलगाईने खाल्ली, या सगळ्या परीक्षा खोट्या. अ‍ॅमॅटॉक्सिन नावाचं विष शिजवून जात नाही आणि त्याचा त्रास सुरू व्हायला सहा-बारा तास किंवा जास्तही लागतात. तोवर यकृतावर घाला सुरू झालेला असतो. श्रावणात रस्त्यावर विकायला येते ती वारुळाची अळंबी वेगळी. तिचा देठ मातीत खोल वाळवीच्या घरापर्यंत गेलेला असतो, ती लाकडावर येत नाही. खुंटावर फुटलेलीला कुणी तेच नाव दिलं तर घेऊ नका.

आगरवाल्याने एक तरी ओळखलीच पाहिजे, ती गॅनोडर्मा. तांबूस-तपकिरी, वरून वार्निश मारल्यासारखी चकचकीत, वाढती कड पांढरी. खाली पांढरी छिद्रं, नखाने ओरखडा काढला की तिथे तपकिरी उमटते. तिच्या माथ्यावर आणि शेजारच्या पानांवर कोकोच्या रंगाची पूड बसलेली असते. लोक ती धूळ समजून पुसतात, पण ते तिचेच बीजाणू. मेलेल्या आंब्याच्या खुंटावर ती आली तर येऊ द्या. पण माडाच्या किंवा पोफळीच्या बुंध्याशी दिसली तर थांबू नका, कारण ती मुळांमार्गे शेजारच्या झाडात जाते. बुंध्याच्या तळाला तांबूस-तपकिरी डिंकासारखं पाणी झिरपतंय का बघा. माडाच्या या रोगात अळंबी बहुतेक वेळा त्यानंतरच दिसते. मेलेल्या माडाचा खुंट मुळांसकट उपटून जाळायचा. आजारी माडाभोवती एक मीटर खोल, फूटभर रुंद चर खणायचा, म्हणजे मुळं एकमेकांना भिडत नाहीत. निरोग्या माडांना वर्षाला प्रत्येकी पाच किलो निंबोळी पेंड घाला, आणि पाटाचं पाणी आजारी झाडाच्या आळ्यातून दुसऱ्या आळ्यात जाऊ देऊ नका.