परदेशातील लष्करी तळावर नागरी कामगार म्हणून राहताना

कुवेतमधील कॅम्प अरिफजान किंवा कतारमधील अल उदेद यांसारख्या अमेरिकी तळांवर सैनिकांइतकीच गरज स्वयंपाकी, धोबी, वायरमन, एसी मेकॅनिक आणि गोदाम सांभाळणाऱ्यांची असते. या माणसांना अमेरिकेचे सरकार सहसा थेट नेमत नाही. काम एका मोठ्या ठेकेदार कंपनीला मिळते, तिच्याखाली उपठेकेदार असतो, त्याच्याखाली माणसे पुरवणारा असतो आणि या उतरंडीच्या तळाशी नांदेड, जालना किंवा उदगीरकडून गेलेला आयटीआय झालेला मुलगा असतो. म्हणून आपल्याशी करार नेमक्या कोणत्या कंपनीने केला आहे आणि तिच्यावर कोणती कंपनी आहे, ही दोन नावे निघण्यापूर्वीच लिहून घ्यावीत. पुढे पगार अडला किंवा दुखापत झाली, तर पहिला प्रश्न हाच विचारला जातो.

एजंट नोंदणीकृत आहे की नाही, हे परराष्ट्र मंत्रालयाच्या ई-मायग्रेट संकेतस्थळावर घरबसल्या पाहता येते. ज्याचे शिक्षण दहावीपेक्षा कमी आहे, त्याचा पासपोर्ट सहसा ईसीआर (म्हणजे परदेशी नोकरीला जाण्यापूर्वी सरकारी तपासणी आवश्यक असलेल्या) प्रकारचा असतो आणि आखाती देशांत नोकरीसाठी जाताना त्याला उत्प्रवासी संरक्षक कार्यालयाची मंजुरी लागते. तिच्यासोबतच १० लाख रुपयांचे विमासंरक्षण देणारी प्रवासी भारतीय विमा योजना घ्यावी लागते. ‘व्हिजिट व्हिसावर जा, तिथे बदलून घेऊ’ असे सांगणाऱ्याचा चहासुद्धा घेऊ नये. भारतीय नियमानुसार नोंदणीकृत एजंटाला ३०,००० रुपये अधिक जीएसटी एवढेच सेवाशुल्क घेता येते. अमेरिकी सरकारी कंत्राटांचा नियम त्याहून कडक आहे: त्या कामासाठी भरती करताना कामगाराकडून भरतीचे शुल्क घेण्यास, त्याचा पासपोर्ट अडवून ठेवण्यास आणि पगाराबाबत किंवा राहण्याच्या सोयीबाबत खोटे सांगून त्याला नेण्यास मनाई आहे. ऊसतोडीची उचल आपल्या भागाला नवी नाही. उचल फिटेपर्यंत टोळीला मुकादमाचे ऐकावे लागते आणि सावकाराकडून कर्ज काढून एजंटाचे पैसे भरलेल्या कामगाराची तळावर तीच गत होते. ठरलेल्यापेक्षा कमी पगार हातावर टेकवला, तरी त्याला परत फिरता येत नाही. त्यामुळे मोठी रक्कम मागितली गेली की बोलणे तिथेच थांबवावे, हे माझे स्पष्ट मत आहे. करार समजेल अशा भाषेत मागावा, मूळ पगार आणि ओव्हरटाइम वेगवेगळे लिहिलेले आहेत का ते पाहावे, आणि त्याची एक प्रत घरी ठेवावी.

सामान बांधताना आईने दिलेला काळा मसाला तपासावा. त्यात खसखस असेल, तर तो मसाला घरीच ठेवावा, कारण संयुक्त अरब अमिरातीसारख्या देशांत खसखस हा बंदी असलेला पदार्थ आहे आणि तिच्यामुळे तुरुंगवासाची वेळ येऊ शकते. शेंगदाण्याची किंवा कारळाची चटणी न्यावी. कोडीन असलेली खोकल्याची औषधे आणि ट्रामाडोलसारख्या वेदनाशामक गोळ्या टाळाव्यात. नेहमीची औषधे डॉक्टरांच्या चिठ्ठीसह मूळ वेष्टनातच असावीत.

तळावरचा दिवस फाटकापासून सुरू होतो. बस थांबते, सगळे खाली उतरतात, डबा उघडून दाखवावा लागतो, खिसे रिकामे करावे लागतात आणि पहारेकरी बॅजवरचा फोटो व चेहरा ताडून पाहतो. बॅज नेहमी बाहेरून दिसेल असा गळ्यात किंवा दंडावर असावा. तो पाहूनच तुम्हाला कुठे एकट्याने जाता येते आणि कुठे सोबत एस्कॉर्ट, म्हणजे तळाने नेमलेला सोबती, लागतो, हे ठरते. एस्कॉर्ट लघुशंकेला गेला तरी आपण जागेवरच उभे राहायचे, दोन पावले पुढे जाऊन काम उरकायचे नाही. बॅज हरवल्यास त्याच क्षणी सुपरवायझरला सांगावे. लपवलेली गोष्ट उघड झाली की नोकरी जाते. अनेक ठिकाणी मोबाइल आत नेता येत नाही, आणि जिथे नेता येतो तिथेही विमाने, फाटके, कुंपण किंवा सैनिक यांचे फोटो काढू नयेत. गावातल्या मित्रांना दाखवण्यासाठी काढलेल्या एका सेल्फीवर संपूर्ण करार जाऊ शकतो. दारूला मनाई असलेल्या तळांवर तो नियम कामगारांनाही लागू असतो. सूर्यास्तानंतर चमकता पट्टा लावून चालावे. संध्याकाळी ध्वज उतरवताना बिगूल वाजला की गाड्या थांबतात. तेव्हा आपणही ध्वजाकडे तोंड करून शांत उभे राहावे.

उन्हाबद्दल आपल्या लोकांना फाजील आत्मविश्वास असतो. परभणीचा मे महिना अंगावर काढलेल्या माणसालाही कुवेतचा जुलै वेगळा वाटतो. तिथल्या मित्रिबा येथे २०१६ मध्ये ५३.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. तळांवर उष्णतेची पातळी झेंड्याच्या रंगाने दाखवली जाते आणि काळा झेंडा म्हणजे सर्वाधिक धोका. तो दिसल्यावर कामाची आणि विश्रांतीची वेळ बदलते, ती पाळावी. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे आणि चक्कर, मळमळ किंवा घाम थांबणे ही लक्षणे दिसताच सोबतच्याला सांगावे.

तळ हा युद्धाचा भाग असतो, हे वसतिगृहासारख्या खोल्या, जिम आणि मेस पाहून विसरायला होते. २३ जून २०२५ रोजी इराणने अल उदेदवर क्षेपणास्त्रे डागली. खोलीपासून आणि कामाच्या जागेपासून जवळचा बंकर पहिल्याच दिवशी चालत जाऊन पाहून ठेवावा. भोंगा वाजल्यावर फोन शोधू नये. बंकर जवळ नसेल तर तिथेच पालथे झोपावे आणि डोके हातांनी झाकावे.

कामावर दुखापत झाली, तर १९४१ चा डिफेन्स बेस अॅक्ट हा अमेरिकी कायदा लागू होतो आणि तो कामगाराचे राष्ट्रीयत्व पाहत नाही. त्यात उपचाराचा खर्च मिळतो, काम बंद असेपर्यंत सरासरी पगाराच्या सुमारे दोन तृतीयांश रक्कम मिळते आणि मृत्यू झाल्यास पत्नी व मुलांना लाभ मिळतो. मात्र दुखापतीची लेखी सूचना ३० दिवसांत कंपनीला द्यावी लागते आणि दावा साधारणपणे एका वर्षाच्या आत दाखल करावा लागतो. ही माहिती पत्नीला किंवा भावाला जाण्यापूर्वीच सांगून ठेवावी, कारण वेळ आल्यावर तोंडी आश्वासनांवर मुदत निघून जाते. ‘घरी जाऊन बरा हो, मग बघू’ असे सांगून कोणी परत पाठवत असेल, तर वैद्यकीय कागद हातात घेतल्याशिवाय विमानात बसू नये.

पगार येऊ लागल्यावर बँकेत एनआरई खाते (परदेशातली कमाई ठेवण्यासाठीचे) उघडावे आणि जुने बचत खाते एनआरओ (परदेशी राहणाऱ्याच्या भारतातल्या उत्पन्नासाठीचे) करून घ्यावे. गावात मात्र पगाराचा खरा आकडा कोणालाही सांगू नये. सोयऱ्यांच्या मागण्या आकड्याच्या मागोमाग येतात.

करार संपताना बॅज परत दिल्याची पावती, शेवटच्या महिन्याची आणि ओव्हरटाइमची पगारचिठ्ठी, तसेच कामाचे स्वरूप व कालावधी लिहिलेले अनुभवपत्र घेऊन ठेवावे. परतीचे तिकीट कंपनीने द्यायचे असल्यास तारीख लेखी मागावी, आणि पासपोर्ट व अनुभवपत्र हाताच्या पिशवीत ठेवावे.