काळ्या कुत्र्याचा फोटो साध्या फोनवर कसा काढावा

काळा कुत्रा पाळणाऱ्यांच्या फोनमध्ये असे फोटो हमखास सापडतात: सोफ्यावर एक काळा गोळा, त्यात डोळे कुठे आणि नाक कुठे ते शोधावं लागतं. यात स्वस्त फोनचा दोष फार थोडा. कॅमेरा समोरच्या सगळ्या दृश्याचा उजेड मोजून ते मध्यम छटेत बसवायला बघतो. मागे पांढरी भिंत किंवा उघडी खिडकी असली की तो उजेड कमी करतो आणि कुत्रा अंधारात बुडतो. कुत्र्याने अख्खी चौकट भरली तर उलटं होतं. दृश्य अंधारं समजून कॅमेरा उजेड वाढवतो आणि काळाभोर कुत्रा धुरकट राखाडी दिसायला लागतो. म्हणून आधी जागा आणि उजेड ठरवा, फोन नंतर हातात घ्या.

घरात सगळ्यात चांगली जागा म्हणजे मोठी खिडकी किंवा बाल्कनीचं दार. कुत्र्याला त्यापासून साधारण एक ते दीड मीटरवर बसवा, तोंड उजेडाकडे थोडं तिरपं. तुम्ही खिडकीच्या बाजूला, पण उजेड अडणार नाही असे बसा. समोरून सरळ पडलेल्या उजेडात काळे केस सपाट दिसतात. तिरप्या उजेडात केसांची वळणं, कपाळाचा उंचवटा, छातीचा भोवरा असं सगळं उठून येतं. थेट ऊन आत येत असेल तर पातळ पांढरा पडदा ओढा. ट्यूबलाइट आणि दिवे बंद करा, नाहीतर अंगाची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळट येते. एक पांढरी चादर कुत्र्याच्या पुढ्यात जमिनीवर अंथरा, चौकटीत येणार नाही अशी. तिच्यावरून परतलेला उजेड हनुवटी आणि छातीखालची सावली उघडतो. काळ्या कुत्र्यासाठी इतका उपयोगी आणि इतका फुकट उपाय दुसरा नाही.

जागा जमली की नाही हे डोळ्यांवरून ओळखायचं. बुबुळात खिडकीचा पांढरा ठिपका दिसला पाहिजे. तो नसेल तर काळ्या चेहऱ्यात काळे डोळे हरवतात आणि मग कुठलंही सेटिंग कामाला येत नाही. ठिपका दिसेपर्यंत खाऊ दाखवून तोंड हळूहळू वळवा.

बाहेर फोटो काढायचा तर ढगाळ दिवस उत्तम, पावसाळ्यातली उघडीप तर फारच छान. एरवी सकाळी लवकर किंवा सूर्यास्ताच्या आधीचा तास. दुपारच्या उन्हात पाठ पांढरी चमकते आणि पोट काळंकुट्ट होतं. शिवाय डांबरी रस्त्यावर पाय भाजतात. हाताची पालथी बाजू जमिनीवर 7 सेकंद ठेवता येत नसेल तर कुत्र्याला तिथे उभं करू नका. पार्श्वभूमी गवत, मातीची किंवा फिक्या रंगाची भिंत अशी निवडा. गडद सोफा आणि काळी गादी नको. लाल किंवा पिवळा पट्टा घातला तर मान कुठे संपते ते कळतं.

सुरुवातीला दोन मिनिटं साफसफाईला द्या. काळ्या अंगावर धूळ, कोंडा आणि पांढरे धागे लगेच दिसतात, म्हणून ब्रश फिरवा. डोळ्यांतली चिपडं ओल्या कापसाने पुसा. फोनची लेन्सही मऊ सुती कापडाने पुसा. बोटाच्या तेलकट डागामुळे काळा रंग फिकट आणि धुकट येतो.

आता फोन. फ्लॅश बंदच ठेवा. कुत्र्याच्या डोळ्याच्या आतल्या पडद्यामागे उजेड परतवणारा थर असतो, त्यामुळे फ्लॅशमध्ये डोळे हिरवे-पिवळे चमकतात. स्क्रीनवर कुत्र्याच्या डोळ्यावर टॅप करा. नुसत्या काळ्या केसांवर टॅप केलं तर फोकस मागेपुढे भटकतो, कारण त्याला धरायला कडाच मिळत नाही. डोळ्याची कड, ओलं नाक किंवा पट्ट्याची कड धरा. मग बोट दाबून ठेवा. बऱ्याच फोनमध्ये फोकस आणि उजेड दोन्ही तिथे लॉक होतात. शेजारी सूर्याचं चिन्ह येतं. कुत्रा काळा गोळा दिसत असेल तर ते किंचित वर सरकवा, राखाडी दिसत असेल तर खाली. कुत्रा जागेवरून हलला की पुन्हा टॅप करावं लागतं.

नाकाजवळ फोन नेऊ नका. फोनची मुख्य लेन्स रुंद दृश्य घेणारी असते, त्यामुळे जवळून नाक मोठं आणि कान बारीक येतात. दीड मीटर मागे सरका आणि नंतर फोटो कापून घ्या. बोटांनी झूम केलं तर साध्या फोनमध्ये तपशील जातो. फोन कुत्र्याच्या डोळ्यांच्या उंचीवर आणा, म्हणजे जमिनीवर बसा किंवा आडवे व्हा. मागचं दृश्य पुसट करणारा पोर्ट्रेट मोड काळ्या केसांवर बहुधा फसतो, कानाची टोकं पुसून टाकतो. नाइट मोड एकामागून एक अनेक फोटो जोडतो, म्हणून हलणारा कुत्रा त्यात पुसट येतो.

नावाने हाक मारू नका, तो उठून तुमच्याकडेच येईल. घरातल्या कुणाला तरी तुमच्या मागे उभं करून खाऊ लेन्सच्या जरा वर धरायला सांगा: उकडलेल्या चिकनचे किंवा पनीरचे हरभऱ्याएवढे तुकडे. चॉकलेट, मनुका, कांदा असलेलं काही देऊ नका, ते कुत्र्यांना विषारी आहे. कान टवकारायला एखादा नवा आवाज एकदाच करा. दुसऱ्यांदा परिणाम निम्मा होतो, तिसऱ्यांदा तो बघतही नाही. म्हणून आवाज करण्याआधीच सलग फोटो सुरू करा: काही फोनमध्ये शटर दाबून ठेवायचं असतं, काहींत बाजूला ओढायचं. खेळून आल्यावर लगेच फोटो काढला तर जीभ बाहेर असते; दहा-पंधरा मिनिटं थांबा, तोंड मिटतं.

खाऊ समोर नसतानाही वारंवार ओठ चाटणं, जांभया, मान फिरवणं, डोळ्यांचं पांढरं दिसणं, शेपूट आत घेणं ही कंटाळल्याची किंवा घाबरल्याची खूण आहे. फोन खाली ठेवा आणि खाऊ देऊन त्याला सोडा. पाच ते दहा मिनिटांच्या वर ताणू नये. भेदरलेला चेहरा कितीही उजेडात सुंदर येत नाही.

निवडताना प्रत्येक फोटो मोठा करून आधी डोळा पाहा. डोळा पुसट असेल तर तो फोटो काढून टाका. उरलेल्यांत फोनच्या एडिटमध्ये शॅडोज (गडद भागांचा उजेड) थोडेच वाढवा, जास्त वाढवले की केसांत रंगीत दाणे उठतात. बाहेरच्या फोटोत आकाशामुळे अंग निळसर आलं असेल तर वॉर्म्थ (रंगातला पिवळटपणा) जरा वाढवा. छापायला देणार असाल तर व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर दाबून लहान केलेल्या फोटोत केसांचा पोत सगळ्यात आधी जातो.