तीनपत्ती येते? मग पोकरचे हात असे लावा

दिवाळीत गिरगावात रात्र रात्र तीनपत्ती कुटणारे पोकरला बसले की एकाच ठिकाणी अडकतात, इथे कलर म्हणजे फ्लश (सगळी पानं एकाच चिन्हाची) हा सिक्वेन्सला, म्हणजे स्ट्रेटला (ओळीने लागलेली पानं) मारतो. जो हात, म्हणजे पानांचा संच, कमी वेळा बनतो तो मोठा, बस्स. ५ पानांत स्ट्रेट १०,२०० प्रकारे लागतो आणि फ्लश ५,१०८, पण ३ पानांत सिक्वेन्स ७२० आणि कलर १,०९६, म्हणून तिथे उलटं.

बाकी खालून वर चढा: हाय कार्ड (काहीच जमलं नाही, नुसतं मोठं पान), जोडी, दोन जोड्या, तीन सारखी, स्ट्रेट, फ्लश, फुल हाउस म्हणजे तीन सारखी अधिक जोडी, चार सारखी, मग स्ट्रेट फ्लश म्हणजे एकाच चिन्हाची ओळ, आणि त्यातच एक्का-राजा-राणी-गुलाम-दश्शी आली तर रॉयल (दिसला तर फोटो काढून ठेवा राव). इस्पिक-बदाममध्ये लहानमोठं नाही, आणि एक्का-२-३-४-५ हा इथे सगळ्यात छोटा स्ट्रेट, तीनपत्तीच्या एक्का-दुर्री-तिर्रीसारखा भाव नाही त्याला.